घरच्या घरी गतीचे नियम : लातूर-नांदेड विभागातील पालकांसाठी

प्रयोग रविवारीच करावेत, क्लासची टेस्ट सुटल्यावर आणि टेस्टचे मार्क मोबाइलवर येण्याआधी. मार्क आल्यानंतर घरात जी बले कामाला लागतात, ती या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरची आहेत.

गावाकडचे शेत बटईने देऊन लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात किरायाची खोली घेतलेल्या पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आईकडे स्वयंपाक आणि पहारा, वडिलांकडे दर शनिवारी ज्वारीचे पीठ घेऊन येणे, अशी कामाची वाटणी झालेलीच असते. मुलाला ‘नीट’च्या ७२० पैकी १८० गुण फिजिक्समध्ये मिळवायचे आहेत. कप्पीवरून गेलेल्या दोरीला दोन ठोकळे टांगले, तर कोणता किती त्वरणाने खाली जाईल हे तो मिनिटभरात सांगतो. कप्पी मात्र त्याने कधी हातात धरलेली नाही. विहिरीला मोटर बसली तेव्हा तो जन्मला नव्हता.

परीक्षेच्या कसून तयारीचा जो लातूर पॅटर्न, त्याचा प्रसार कसा झाला, हेही माहीत असावे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तेव्हापासून या दोन शहरांत क्रिया आणि प्रतिक्रिया समान चालू आहेत. दिशा कोणाची कुठली, यावर दोन्हीकडच्या होर्डिंगांचे एकमत नाही.

पहिला नियम. बाहेरून बल लागेपर्यंत थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू सरळ चालतच राहते; यालाच जडत्व म्हणतात. साहित्य : स्टीलचा ग्लास, रुपयाचे नाणे आणि एक लग्नपत्रिका. पत्रिका जाड आणि गुळगुळीत निवडावी. पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नाची असेल तर उत्तम. ग्लासावर पत्रिका, पत्रिकेवर नाणे ठेवून पत्रिकेला टिचकी मारावी. पत्रिका उडते, नाणे टपकन ग्लासात पडते. पत्रिकेने नाण्याला सोबत ओढण्याचा प्रयत्न केला, पण घर्षण थोडे आणि वेळ त्याहून थोडा, म्हणून नाणे होते तिथेच राहिले आणि खालचा आधार गेल्याने पडले. आता पत्रिका सावकाश ओढा. नाणे तिच्यासोबत येते. पुष्कळ पालक हा दुसरा भाग गाळतात आणि मुलाला नियमाऐवजी जादू शिकवून मोकळे होतात.

गतीतले जडत्व शिकवायला स्कूटी लागते. पायाशी वीस लिटरचा पाण्याचा जार ठेवून लातूरच्या गंजगोलाईला एक चक्कर मारावी. १९१७ मध्ये आखलेल्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे ब्रेक मारण्याच्या संधीला तोटा नाही. ब्रेक मारला की जार पुढे जाऊ बघतो. वळण घेतले की बाहेरच्या अंगाला कलंडतो. जारला कोणी बाहेर ढकलत नाही. तो बिचारा सरळ जायला निघालेला असतो, वळलेली असते ती स्कूटी. मागे बसलेल्या मुलाला हे लगेच पटते, कारण तोही कलंडलेला असतो.

एक सूचना हसण्यावारी नेऊ नये. घरात औसा किंवा उमरगा भागातली आजी असेल, तर पत्रिकेचा प्रयोग तिच्यासमोर करू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटेचे चार वाजायच्या जरा आधी, किल्लारी परिसरातली जमीन हलली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे मातीचे जड माळवद. जमीन बाजूला सरकली, पण टनावारी वजनाचे माळवद तेवढ्या झटक्यात तिच्यासोबत सरकेना. मधल्या भिंती फाटल्या आणि माळवद खाली आले. हलक्या छपरांच्या झोपड्या बऱ्याच उभ्या राहिल्या. आजीला जडत्व हा शब्द ठाऊक नसेल. तिला ते समजावून सांगायला मात्र जाऊ नये.

दुसरा नियम. बल तेच ठेवून वस्तुमान वाढवले की त्वरण कमी होते. मुलाची अभ्यासाची चाकांची खुर्ची घ्यावी (मूल त्यावर नसताना, ही वेळ शोधावी लागते). तिच्यावर रिकामा जार ठेवून एका बोटाने ढकला, मग भरलेला ठेवून तेवढ्याच जोराने ढकला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजू लागत नाही. आई ओरडेल, “काय करायलास रे, पाणी सांडंल ना!” हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या पलीकडचा असून तो मान्य करावा.

हाच प्रयोग लातूरने मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे ५०० टन. पुढे ही ‘जलदूत’ गाडी पन्नास वाघिणींची झाली, म्हणजे पाणी २,५०० टन. इंजिनाने तेवढेच बल लावले, तर त्वरण एक-पंचमांश. घर्षण आणि इंजिनाचे स्वतःचे वजन आपण सोडून दिले आहे. पुस्तकात ते नेहमीच सोडून दिलेले असते. स्टेशनवर हारतुरे घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळींचे वस्तुमानही धरलेले नाही. गाडी सुटताना जशी अडते तशीच थांबतानाही अडते, ती का, हे मुलाला विचारून बघा. क्लासमध्ये विचारत नाहीत, म्हणून उत्तर स्वतःचे येण्याची शक्यता आहे.

तिसरा नियम. क्रिया जेवढी तेवढीच प्रतिक्रिया, उलट दिशेने. यासाठी नळाला पाणी येण्याची वाट पाहावी लागते, आणि ते तुमच्या हातात नाही. पाणी आले की अंगणातला पाइप मोकळा सोडून नळ एकदम उघडावा. पाणी पुढे फेकले जाते, पाइपचे तोंड मागे ढकलले जाते आणि पाइप पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखा अंगणभर वळवळतो. मुलाने तोंड हातात धरून, अंगठ्याने दाबून मागे येणारा रेटा अनुभवावा. दोन मिनिटांत टिपाड भरायला बोलावणे येतेच, तेव्हा थांबावे.

इथे मूल विचारते की क्रिया आणि प्रतिक्रिया समान, तर बैलगाडी पुढे जाते कशी? बैल जेवढी गाडी ओढतो, तेवढीच गाडी बैलाला मागे ओढते ना? “हे सिलॅबसमध्ये नाही” हे प्रचलित उत्तर देऊ नये, कारण ते सिलॅबसमध्ये आहे. दोन्ही बले वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून एकमेकांना खोडत नाहीत. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की गाडी हलते. पटत नसेल तर शहाबादी फरशीवर साबणाचे पाणी ओतून, त्यावर अनवाणी उभे राहून कपाट ढकलून दाखवावे. पाय मागे सरकतात, फरशी पुढे रेटायला नकार देते, कपाट जागचे हलत नाही.

हा प्रयोग वडिलांनीच करावा. त्यांचा हात मोडला तरी चालतो; ओएमआर शीट त्यांना भरायची नसते.