नमुना जसाच्या तसा विणू नये

स्वेटरचा छापील नमुना हाती आला की पहिलं काम म्हणजे तो मनातल्या मनात नापास करणं. तो कुणा अनोळखी बाईच्या मापाने लिहिलेला असतो, त्यातला गळा आपल्या घरात कुणालाच शोभत नाही, आणि फोटोतला पिस्ता रंग दुकानदार 'येतोय' म्हणून सांगत असतो. जसाच्या तसा स्वेटर यंत्रही विणतं. हाताने विणायचा तर त्यात आपलं काहीतरी घुसडलंच पाहिजे. हा बदल 'थोडासाच' आहे अशी स्वतःची समजूत घालून कामाला लागावं. तो पुढे किती वाढणार हे आधी कळलं तर कुणी सुयांना हात लावणार नाही.

माप घेण्यापासून सुरुवात. ज्याच्यासाठी विणायचं त्याला टेप लावता येत नाही, कारण स्वेटर हे गुपित असतं. (असं फक्त विणणारीला वाटतं. घरातल्या सोफ्यावर आठवडाभर लोकरीचा गुंडा लोळत असतो.) नवऱ्याची छाती 'चाळीसच ना?' असं स्वतःलाच विचारून लिहून टाकायची आपल्याकडे प्रथा आहे. हे माप लग्नातल्या कोटाचं असतं. त्यापेक्षा त्याचा हल्लीचा आवडता शर्ट पलंगावर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा आणि दुप्पट करावी. शर्टात सैलपणा आधीच धरलेला असतो. अंगाचंच माप मिळालं, तर त्यात ५ ते १० सेंमी वाढवावेत.

शिवाय नमुने लिहिणारे लोक माणसाला दंडगोल समजतात. चाळिशीनंतरचा पुरुष दंडगोल नसतो. पोटावर स्वेटर ताणला की पुढची कड वर चढते आणि मागची जागच्या जागी राहते. यावर सभ्य उपाय आहे. पुढच्या भागात काही ओळी कडेपर्यंत न नेता आधीच वळायचं, दर खेपेला थोडे थोडे टाके बाजूला सोडायचे आणि मग एका ओळीत सगळ्यांना पुन्हा सामावून घ्यायचं. मधोमध दोनतीन सेंमी कापड जास्त तयार होतं. वळताना धागा शेजारच्या टाक्याला गुंडाळून घ्यावा, नाहीतर तिथे भोक राहतं. हे कशासाठी, असं त्याने विचारलं तर 'डिझाइन आहे' एवढंच सांगावं. हे उत्तर तोंडपाठ करून ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता सॅम्पल. सगळी पुस्तकं सांगतात की आधी छोटा चौकोन विणून बघा, आणि सगळ्या बायका म्हणतात की माझा हात मला माहीत आहे. समजा नमुन्यात लिहिलंय : ४ मिमीच्या सुया, १० सेंमीत २२ टाके. तुमच्या हाताने २० आले. दोन टाक्यांनी काय बिघडतं? बघू या. पाठीला ११० टाके घाला म्हटलंय. २२च्या हिशेबाने ते ५० सेंमी होतात, २०च्या हिशेबाने ५५. पुढचा भागही तसाच, म्हणजे घेर १००चा ११०. दोन टाक्यांत धाकट्या दिराचा स्वेटर थोरल्या दिराचा झाला, आणि त्या दोघांचं बोलणं बंद असेल तर पुढचं तुम्हीच निस्तरा. तेव्हा सॅम्पल चांगलं १५ सेंमीचं विणावं, धुवावं, वाळवावं आणि मधले १० सेंमी मोजावेत. टाके कमी भरले तर सुया बारीक घ्याव्यात, जास्त भरले तर जाड.

'बारीक' म्हणजे कुठल्या, हा वेगळाच घोटाळा. आजीच्या डब्यातल्या सुयांवरचे आकडे जुन्या इंग्रजी पद्धतीचे. आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकेत उलट. तिथे आकड्याबरोबर सुईही जाड होते, आणि त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिमी. मुलीने तिकडून पाठवलेला नमुना आजीच्या सुयांवर विणला तर अंगरख्याचं झबलं होईल. नंबरावर विश्वास ठेवूच नये, मिलिमीटर बघावेत.

सुया बदलायच्या नसतील तर टाके बदला. ५० सेंमीला आपल्या हाताचे १०० टाके पुरतात, म्हणजे प्रश्न सुटला. सुटला नाही. नमुन्यातली नक्षी '६च्या पटीत, अधिक २' अशी आहे. ११० तिच्यात चपखल बसत होते, १०० बसत नाहीत. एक तर ९८ घ्या, नाहीतर १०४. ९८चा स्वेटर किंचित घट्ट होईल, १०४चा किंचित ढगळ. निर्णय नात्यावर सोपवावा : नवऱ्याला ढगळ, जावयाला बेताचा. नक्षीत वेण्या असतील तर आणखी टाके वाढवा, कारण वेणी कापड आत ओढून घेते. आणि 'हुबेहूब असाच हवा, फक्त वेण्या नकोत, गळा गोल कर आणि पुढे चेन लाव' असं म्हणणाऱ्या भाचीला लोकर आणि सुया देऊन टाकाव्यात.

ज्यांना त्रैराशिकाचा धसका आहे त्यांच्यासाठी एलिझाबेथ झिमरमन नावाची बाई होऊन गेली. जन्म इंग्लंडचा, संसार अमेरिकेत, आणि १९७१ सालचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक तिचं. तिचा हिशेब टक्क्यांचा. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगटाला त्याचे २०, दंडाला साधारण ३३, गळ्याला ४०. घेर २०० टाक्यांचा असेल तर मनगट ४०, दंड ६६, गळा ८०. एक छाती मोजली की बाकीचा माणूस आपोआप निघतो. मला हा हिशेब नमुन्यांच्या चार पानी संक्षेपांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. पैलवानाच्या दंडाला मात्र तो लावू नये.

बाळंतविड्यात हे टक्के चालत नाहीत. नवजात बाळाचं डोकं सुमारे ३५ सेंमी आणि छाती त्याहून थोडी कमीच. मोठ्यांच्या नमुन्याचा गळा 'प्रमाणात' लहान केला तर स्वेटर डोक्यात अडकतो, बाळ रडतं आणि विहीणबाई तुमच्याकडे बघतात. खांद्यावर दोन बटणं लावून गळा उघडा ठेवावा. विणायला गळ्यापासून खाली सुरुवात करावी, म्हणजे बाह्या आखूड पडल्या की मनगटाची पट्टी उसवून वाढवता येतात. बाळ परदेशात असेल तर अस्सल लोकर वापरू नये. तिथली सून स्वेटर गरम पाण्यात मशीनला टाकणार, आणि बाहेर येईल तो बाहुलीला होईल. ॲक्रिलिक आटत नाही. फक्त त्यावर कडक इस्त्री फिरवू नका, ते कायमचं लुळं पडतं.

लोकर घेताना सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, आणि एक जास्तीचा. बदल केलेल्या स्वेटरला लोकर नेहमी जास्त लागते. ती नेमकी दुसऱ्या बाहीच्या कोपराशी संपते आणि दुकानात तोच रंग जरासा उजळ मिळतो. असं झालं तर दोन्ही बाह्या कोपरापर्यंत उसवा आणि खालचा भाग सरळ वेगळ्या रंगात विणा. शक्यतो साफ वेगळ्या, कारण जवळजवळ सारखा रंग लपवाछपवीसारखा दिसतो. विचारलं, तर उत्तर तुम्हाला पाठ आहेच.

तरीही बसला नाहीच, तर सगळा उसवावा. धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून दांडीवर टांगावी आणि खाली हलकंसं वजन अडकवावं. लोकरीची नागमोड निघून जाते. मग पुन्हा टाके घालायला घ्यावेत, आणि नमुना तोच ठेवावा. त्याच्या समासात आता इतके आकडे लिहिले गेलेले असतात की मूळचे छापील शब्द वाचताच येत नाहीत, आणि त्यामुळे कामाला वेग येतो.