नियोजन तिचं, कुटुंब त्याचं

मार्च 2022 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात संस्कृती थोडक्यात वाचली. कुटुंबनियोजन समजावण्यासाठी आशाताईंना दिलेल्या साहित्यात पुरुषी अवयवाची रबरी प्रतिकृती निघाली. ती घेऊन दारोदार फिरायचं कसं, हा आशाताईंचा प्रश्न खराच होता. पण त्यांच्यापेक्षा जास्त लाजले पुढारी.

पुढाऱ्यांना लाजायला रबर लागतं, आकडे पुरत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 37.9 टक्के विवाहित जोडप्यांत ऑपरेशन बायकोनं करून घेतलेलं आढळलं. नवऱ्यानं? 0.3 टक्के. म्हणजे हजारात तीन, आणि तेही गावाला पत्ता लागू न देता!

नसबंदी बिनटाक्याची, गडी त्याच दिवशी घरी. बाईचं ऑपरेशन मात्र पोटाचं. सरकार पुरुषाला पैसेही जास्त देतं. तरी गडी म्हणतो, “अशक्तपणा येतो, जड कामं होत नाहीत.” जड कामं म्हणजे पाण्याचे हंडे. ते वाहणारीच्या अशक्तपणाची काळजी कोणाला? देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांत रक्तक्षय आढळला, हेही त्याच सर्वेक्षणातलं.

आणीबाणीत एका वर्षात 60 लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, कित्येकांची बळजबरीनं. ती धास्ती खोटी नव्हती. पण तेव्हा जन्मलेही नव्हते ते बाप्येसुद्धा आज तिचाच दाखला देतात.

मग उरते आशाताईंची पिशवी. गर्भनिरोधकं घरपोच देण्याची योजना 2011 ची. दर असे: तीन निरोधची पुडी एक रुपया, गोळ्यांची महिन्याची पट्टी एक रुपया, तातडीची गोळी दोन रुपये. कटिंग चहा याहून महाग. निरोध वापरायचा नवऱ्यानं, पण तो पारावर. पुडी पडते चुलीपुढच्या बाईच्या हातात. सासूला दिसू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात जाते. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. हा हिशेबही तिनंच ठेवायचा.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं 1921 मध्ये. शंभर वर्षं उलटली. आता दरवर्षी 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. पत्रकं घेऊन आशाताई पाराशी येतात. पत्त्यांचा डाव क्षणभर थांबतो.

“ताई, घरी बाई आहे,” हातातली पानं लावत एकजण म्हणतो, “तिला सांगा.”