पोत्यासोबत बाटली

नॅनोमीटर म्हणजे नेमकं किती, हे समजावताना सगळे शास्त्रज्ञ माणसाच्या केसाला हात घालतात. केसाची जाडी साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर. म्हणजे केस उभा चिरून त्याचे लाखभर भाग केले की त्यातला एक भाग नॅनोमीटर. हे उदाहरण मुंबई-पुण्याच्या सभागृहात चालून जातं. शेगाव तालुक्यात देताना मात्र जपून द्यावं. डिसेंबर २०२४ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत मोजमापाला कित्येकांच्या डोक्यावर केसच शिल्लक राहिले नव्हते.

पण सरकारी काम उदाहरणावाचून अडत नाही. २००७ मध्ये केंद्रानं पाच वर्षांसाठी एक हजार कोटींचं ‘नॅनो मिशन’ काढलं. मोहालीला स्वतंत्र संस्था झाली, बंगळुरूला परिषदा भरू लागल्या, पवईच्या आयआयटीत केंद्र आलं. विकासाची ही गंगा वाहत वाहत आमच्या खारपाणपट्ट्यापर्यंत आली तेव्हा ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत मावत होती.

तिचं वितरण कसं होतं ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ऐकावं.

“भाऊ, युरियाचं एक पोतं द्या.”

“देतो नं. सोबत हे बाटली घ्या लागते.”

“कायची आहे?”

“नॅनो.”

“मले नाही पायजे.”

“मंग पोतं संपलं.”

याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. शेतकरी तक्रार करतो, कृषी खातं लिंकिंग बेकायदा असल्याचं सांगून कारवाईचा इशारा देतं, दुकानदार वरून माल तसाच येतो म्हणून हात वर करतो, आणि पुढच्या खरिपात पोत्याशेजारी बाटली पुन्हा उभी. नव्या उद्योगासाठी आधी मागणी तयार करावी लागते, असं धोरणाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आमच्याकडे ती पाच मिनिटांत तयार होते.

बाटलीचा हिशोबही समजून घ्या, कारण खरी गंमत तिथं आहे. पोत्यात ४५ किलो युरिया. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून थोडं जास्त. पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. इफ्को या सहकारी खतसंस्थेनं २०२१ मध्ये आणलेल्या नॅनो युरियाच्या ५०० मिलिलिटर बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे साधारण २० ग्रॅम. किंमत २२५ रुपये. दावा असा की एक बाटली म्हणजे एक पोतं. किलोचा ग्रॅम झाला, हजारातले नऊशे नव्याण्णव भाग कुठं गेले ते विचारायचं नाही. कण इतके बारीक की पानाच्या छिद्रांतून थेट आत शिरतात, काहीच वाया जात नाही, असं उत्पादकांचं म्हणणं. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये शोधनिबंध लिहून या विज्ञानावरच बोट ठेवलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रत्यक्ष शेतात करून पाहिलं, तर गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. पुढे वीस टक्के नत्राची ‘प्लस’ बाटली आली. म्हणजे आता शंभर ग्रॅम. पोतं गाठायला अजून वीस किलोच कमी पडतात.

शिवाय पोतं फेकायला एक माणूस आणि एक सकाळ पुरते. बाटली फवारायला पंप लागतो, मजूर लागतो आणि पाणी लागतं. पूर्णा नदीच्या काठाला पाण्याची चव घेऊन पाहा, मग पुढचं बोलू.

आमच्या गावात नॅनो म्हटलं की जुन्या लोकांना अजून टाटांची लाखाची गाडी आठवते. सिंगूरला बनायची होती, शेवटी साणंदला बनली. नॅनो युरियाचा कारखाना कलोलला. २०२२ च्या मे महिन्यात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दोन्ही नॅनो गुजरातच्या. यात आकस अजिबात नाही, नुसता नकाशा सांगतोय.

तसं पाहता वऱ्हाडाचा नॅनोवर हक्क जुना आहे. मुंबईत माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी ‘सिरकॉट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं कापसातून नॅनोसेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प आहे. कागदाला, प्लास्टिकला, सिमेंटला बळकटी देणारा हा माल. कापूस पिकतो इकडे, नॅनो होतो माटुंग्यात. यालाही परंपरा आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले आणि शेगावशेजारच्या जलंबपासून खामगावपर्यंतची रेल्वे सुरू करून गेले. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस लवकर पोचावा, ही कळकळ. दीडशे वर्षांत इंजिनं बदलली, गाठी भरून जाण्याची दिशा तीच राहिली.

तेव्हा शेगावला नॅनो उद्योगनगरी हवी, अशी मागणी उद्या कोणी केलीच तर आराखडा माझ्याकडे तयार आहे. करार दावोसला होईल, कारण महाराष्ट्राच्या गुंतवणुकीला बर्फ मानवतो. नारळ इथं फुटेल. जमीन घेतली जाईल, कमान उभी राहील, सल्लागार नेमला जाईल, सल्लागाराला सल्ला द्यायला दुसरा नेमला जाईल. रोजगार प्रत्यक्षात नॅनो प्रमाणात असल्यानं साध्या डोळ्यांना दिसणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालय शेगावात १९८३ पासून आहे, पण त्या पोरांना विचारायचं कोणाला सुचणार नाही. ती पुण्याच्या गाडीची तिकिटं काढण्यात गुंतलेली असतील. स्थानिक कौशल्य म्हणाल तर फलाटावर आहेच. आकार कमी करत नेऊन भाव वाढवत न्यायचं तंत्र आमच्या कचोरीला कोणत्याही मिशनच्या आधी साधलं होतं.

आता केसांकडे परत येणं भाग आहे, कारण तिथं थट्टा संपते. १८ गावांत २७९ लोकांचे केस चार-आठ दिवसांत गळून पडले. आधी संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यावर. पाण्यात नायट्रेटही जास्त निघालं. आयसीएमआरची पथकं आली, नमुने घेऊन गेली, आणि अहवाल कधी येतो हे गावकरी कित्येक महिने विचारत राहिले. केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री बुलढाण्याचेच खासदार, तरीही. दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस, गहू असे नमुने ठाण्याच्या खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि सांगितलं: सेलेनियम. रेशनवर आलेल्या बाहेरच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या ६०० पट. काही महिन्यांनी त्याच गावांतल्या लोकांची नखंही गळू लागली.

कलोलमध्ये मीटरचा अब्जावा भाग हाताळता येतो, म्हणे. शेगावच्या रेशन दुकानात किलोमागचे मिलिग्रॅम मोजायची सोय नव्हती. विंचूदंशावर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरला ते महाडहून येऊन करावं लागलं. विंचू चावला तर माणूस निदान ओरडतो तरी. गहू मुकाट्यानं खाल्ला जातो.

म्हणून सरकारला एकच विनंती. उद्योगनगरी सावकाश द्या, बाटली तर दिलीच आहे. जिल्ह्यात धान्य आणि पाणी तपासणारं एक यंत्र बसवा, ते चालवणारा माणूस कायमचा नेमा, आणि गहू गोदामातून सुटायच्या आधी त्यातलं सेलेनियम मोजून तो आकडा रेशन दुकानात लिहा. तिथं भाव आणि साठा लिहायचा फळा आधीपासून टांगलेला आहे. त्यावर एक ओळ मावेल.