श्री. दोनमिनिटे आणि सेन्सर

उज्जैनच्या देवास गेटला बसस्टँड आहे, जवळच रेल्वे स्टेशन आहे, आणि या दोहोंच्या वाटेत श्री. दोनमिनिटे यांची गाडी आहे. दोनमिनिटे हे कुणा एकाचं आडनाव नव्हे. ती एक जमात आहे, आणि तिच्यात मराठी, माळवी, सिंधी सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. मावशींना इंदूरच्या बसमध्ये बसवायला ते आलेले असतात. गाडी अर्धी रस्त्यावर, मागचं चाक रिक्षांच्या रांगेत, डिकी उघडी आणि चारही इंडिकेटर टिकटिकताहेत. इंडिकेटर चालू असले की गाडी उभी धरत नाहीत, असा त्यांचा कायदा. कुणी हटकलंच तर उत्तर तयार : ‘बस भिया, दो मिनट!’ पार्किंगची जागा रिकामी की भरलेली हे ओळखणारे सेन्सर निवडताना तज्ज्ञ गाडीची लांबी-रुंदी मोजतात. माझं म्हणणं इतकंच, की आधी या गृहस्थांचं माप घ्यावं.

अल्ट्रासोनिक सेन्सर छताला टांगतात. कानाला ऐकू न येणारा आवाज तो खाली सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात परतला यावरून खाली फरशी आहे की गाडीचा टप, ते ओळखतो. मॉलच्या तळघरात हे झकास. पार्किंगच्या उघड्या मैदानात छत आणायचं कुठून? शिवाय गाडी आणि गाय त्याला सारखीच, आणि उज्जैनच्या गायी जागा धरण्यात कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. जमिनीत पुरायचा चुंबकीय सेन्सर गायीला फसत नाही. गाडीतल्या लोखंडाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक तो टिपतो. पण स्कूटरमध्ये लोखंड ते कितीसं! आणि पार्किंगच्या दोन खणांमधल्या रेघेवर गाडी लावणं हा तर दोनमिनिट्यांचा जन्मसिद्ध हक्क. मग सेन्सर दोन्ही खण भरलेले दाखवणार की दोन्ही रिकामे, हे नशिबावर. रस्त्यात खाच पाडून पुरलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं फाटकाशी गाड्या मोजायला चांगलं. मात्र फाटकातच थांबून, ‘जागा आहे का?’ विचारून मागे फिरणारे गृहस्थ मोजणीत एक चूक ठेवून जातात. अशा चुका दिवसभर साठतात आणि संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या मैदानावर ‘फुल’ची पाटी झळकते.

कुणी म्हणेल, रस्त्यात गाडी उभी करणं हा पोलिसांचा प्रश्न, सेन्सरचा काय संबंध? संबंध असा, की दोनमिनिटे उद्धट नसतात, हिशेबी असतात. आत जागेची खात्री नाही, सुटे पैसे नाहीत, आणि मागे कुणी आडवी लावली तर अडकलो. तेव्हा बाहेर थांबलेलं बरं. आत जागा आहे हे रस्त्यावरच्या पाटीने सांगितलं आणि ते दोन-चारदा खरं निघालं, तर हेच गृहस्थ आत येतील. एकदा खोटं निघालं तर पुन्हा पाटीकडे बघणारसुद्धा नाहीत. दुसरा आक्षेप असा, की बिचारे खरोखरच दोन मिनिटांचे पाहुणे. नियत तशी असते, हे कबूल. पण मावशींना खिडकी हवी असते, कंडक्टर ‘इंदौर, इंदौर’ ओरडत बस भरत असतो, मध्येच पाण्याची बाटली आठवते, आणि बस हलल्यावर हात हलवल्याशिवाय निघणं आपल्या संस्कारात बसत नाही.

म्हणून गाडी ‘आहे की नाही’ एवढंच सांगणारं यंत्र इथे अपुरं. ‘किती वेळ आहे’ आणि ‘कशी लावली आहे’ हेही कळायला हवं. उघड्या मैदानात ते खांबावरच्या कॅमेऱ्याला जमतं. एका खांबावरून अनेक खण, दुचाकींची खेटाखेट, रेघेवरची गाडी आणि गाय, सगळं दिसतं. धूळ, पाऊस आणि हेडलाइटचा झोत त्यालाही आंधळं करतात, म्हणून काच पुसणारा माणूस कंत्राटात आधीच लिहावा. 2022मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाला, 2028चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे, गाड्या वाढणारच. तेव्हा बसस्टँडपाशी चढ-उतारासाठी वेगळा पट्टा आखावा, पहिला कॅमेरा तिथेच लावावा आणि पहिली दहा मिनिटं फुकट द्यावीत. दोन मिनिटांची सवलत ठेवली तर ती एकही दोनमिनिटे पाळणार नाही.