कागद कुठल्या टेबलावर अडला?

लिनक्स सर्व्हर, विंडोज संगणक आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर: हिंगोली जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यानं कधीकाळी राउटर बंद करून चालू केला आणि इंटरनेट परत आलं, त्याच्यासाठी. त्या दिवसापासून तुम्ही तुमच्या दुकानाचे, शाळेचे किंवा पतसंस्थेचे बिनपगारी संगणकतज्ज्ञ आहात. नेमणुकीचं पत्र मिळणार नाही, कारण ते छापावं लागेल.

उदाहरणासाठी हिंगोलीच्या मोंढ्यातलं एखादं आडत दुकान घेऊ. हळदीचा हंगाम आहे, बाहेर कट्ट्यांची थप्पी लागली आहे आणि आत विंडोजचे तीन संगणक आहेत. कोपऱ्यात चौथा, जुना, बिनस्क्रीनचा, त्याच्यावर लिनक्स. शेठच्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत 'लायसनचा खर्च नाही मामा' म्हणून तो बसवून दिला. भाचा आता पुण्यात असतो आणि कायम मीटिंगमध्ये असतो. प्रिंटर नेमका त्या चौथ्याला जोडलेला. हिशोबाच्या पट्टीसाठी शेतकरी काउंटरपाशी उभा, त्याला सेनगावची शेवटची एसटी गाठायची आहे. मुनीमजी तुमच्याकडे बघतात. "दादा, बघा बरं जरा. प्रिंट येईना गेली."

लिनक्सच्या नावानं दचकू नका. ई-कोर्ट्स प्रकल्पातून देशभरातल्या न्यायालयांत उबुंटू लिनक्स पोचलं, सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' नावाचं देशी लिनक्स काढलं. लिनक्स आपल्याकडे केव्हाच आलंय. आपण फक्त त्याला कोपऱ्यात बसवतो आणि नाव विचारत नाही.

लागणारं साहित्य

- चालू वीज. ही अट सोपी वाटते.
- सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पासवर्ड. दोन्ही भाच्याला माहीत आहेत.
- कोरडे कागद. श्रावणात उघडं पडलेलं रीम दमट होतं आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. हा दोष ड्रायव्हरचा नाही.
- 'आम्ही काहीच केलं नाही' हे वाक्य न रागावता ऐकून घेण्याची ताकद.

पायरी १: टेबलं ओळखा

कचेरीत अर्ज अडला की जाणता माणूस आरडाओरडा करत नाही. तो आधी शोधतो, फाईल कुठल्या टेबलावर आहे. छपाईतही पट्टीला चार टेबलं पार करावी लागतात.

पहिलं टेबल विंडोजच्या स्पूलरचं. मुनीमजींनी बटण दाबलं की काम इथं रांगेत लागतं. दुसरं साम्बाचं. हा लिनक्सवर बसून विंडोजच्या भाषेत बोलतो, त्यामुळे विंडोजला समोर आपलाच भाऊबंद असल्याचा भास होतो. अँड्र्यू ट्रिजेलनं ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास, तारेवरून चाललेला संवाद न्याहाळत, त्याची सुरुवात केली. तिसरं टेबल कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या छपाई खात्याचं. मायकेल स्वीटनं १९९७ मध्ये ते लिहायला घेतलं आणि लोकांसमोर आलं १९९९ मध्ये, म्हणजे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी. चौथं टेबल खुद्द प्रिंटरचं.

चारही टेबलं एकच उत्तर देतात: 'आमच्याकडून पुढं गेलंय.' नवशिका इथं फसतो आणि पहिल्याच टेबलावरचा ड्रायव्हर उडवून नवा टाकतो. मग दुसरा टाकतो. मग प्रिंटरच्या यादीत 'कॉपी १', 'कॉपी २', 'कॉपी ३' अशी पिलावळ होते आणि मुनीमजी रोज वेगळ्या पिलाला काम देतात. ड्रायव्हरला हात लावण्याआधी टेबल शोधा. या मार्गदर्शिकेत दुसरं काही शिकला नाहीत तरी चालेल.

पायरी २: शेवटच्या टेबलापासून मागं या

प्रिंटरचं स्वतःचं चाचणी पान काढा. तेही येत नसेल तर संगणकांना सोडून द्या. कागद, टोनर, रोलर बघा. मोंढ्यात रोलरवर हळदीची धूळ बसते आणि ती कुठल्याच अपडेटनं जात नाही.

मग कप्स. कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढं पोर्ट ६३१ लिहा. (बाहेरच्यांना बंदी असेल तर सर्व्हरला स्क्रीन जोडून तिथंच उघडा.) प्रिंटरपुढं 'थांबवलेला' असं दिसलं तर निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. कप्सची मूळ रीत अशी की एकदा अडचण आली की तो रांगच थांबवतो. कागद अडकला, केबल निसटली, लाइट गेली. तुम्ही सगळं ठीक केलंत तरी तो कोणीतरी 'पुन्हा सुरू करा' म्हणेपर्यंत गप्प. ते बटण दाबा आणि त्याच पानावर चूक झाल्यास काम पुन्हा करून बघण्याचं धोरण निवडा.

कप्सवरून चाचणी पान आलं? मग लिनक्स निर्दोष आहे. भाच्याला लावलेले फोन मनातल्या मनात मागं घ्या.

पायरी ३: पत्ता पक्का करा

लाइट जाते, येते. राउटर जागा होतो आणि घरातल्या सगळ्यांना नवे पत्ते वाटतो. कालपर्यंत सर्व्हर जिथं होता तिथं आज शेठचा मोबाइल आहे, आणि विंडोज त्या मोबाइलकडे पट्टी छापायला मागतंय. यादीत प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो तो यामुळे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सर्व्हरला निदान कायमचा आयपी पत्ता मिळायला हरकत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तो राखून ठेवता येतो.

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपायची, असा तिथला हिशोब आहे. तोवर आपल्या विंडोजला दहा फुटांवरचा प्रिंटर दिसला तरी जिल्ह्याची प्रगती समजू.

पायरी ४: भाषांतर कोण करणार ते ठरवा

आता ड्रायव्हर. त्याचं काम एवढंच: पानाचं रूपांतर प्रिंटरला कळेल अशा भाषेत करणं. हे काम विंडोजनं करावं किंवा लिनक्सनं करावं. विंडोजवर प्रिंटरचा खास ड्रायव्हर असेल तर लिनक्सनं फक्त टपाल पोचवायचं, पाकीट फोडायचं नाही. लिनक्सवर ड्रायव्हर असेल तर विंडोजवर साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर लावायचा. दोघांनीही केलं, किंवा दोघांनीही समोरचा करेल म्हणून सोडलं, की प्रिंटर एका पट्टीऐवजी पानामागून पान ओकतो. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस' दिसलं तर ती पट्टी कोणीही वाचलेली नाही. तिचा कच्चा मसुदाच छापला जातोय. धावत जाऊन कागदाचा ट्रे ओढा. स्पष्टीकरण नंतर.

आपल्याकडे घरोघरी दिसणारे दोन प्रिंटर या पायरीवर खास त्रास देतात. एचपी लेझरजेट १०२० ला स्वतःची बुद्धी साठवता येत नाही. चालू झाला की दर वेळी संगणकानं त्याच्यात फर्मवेअर भरावं लागतं. लाइट गेली की विसरला. लिनक्सवर त्यासाठी एचपीचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं, नाहीतर दिवा हिरवा आणि कागद कोरा. कॅनन एलबीपी २९०० फक्त 'कॅप्ट' ही कॅननची घरची बोली बोलतो. पोस्टस्क्रिप्ट नाही, पीसीएल नाही. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवता येतो. बसवणारी माणसं त्यानंतर मितभाषी होतात.

साम्बामार्फत ड्रायव्हर वाटायचा असेल तर तो जुन्या पद्धतीचा, म्हणजे 'टाइप ३' हवा. 'टाइप ४' त्याला चालत नाही. आणि ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचाच द्या. हे वाक्य वाचून समजलं नसेल तर पायरी ७ वर उडी मारा. तिथं याची गरजच संपते.

पायरी ५: 'काल तर चालू होतं'

ही तक्रार खरी असते. रात्री अपडेट आलेलं असतं.

जून-जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड विंडोजच्या स्पूलरमध्ये उघडकीला आलं. स्पूलरवर हल्ल्याची ही पहिली वेळ नव्हती. इराणच्या अणुकार्यक्रमात घुसलेल्या आणि २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमनंही ही वाट वापरली होती. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२१ पासून ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिन लागेल असा नियम केला, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी '११बी' असलेली एरर जगभरातल्या कचेऱ्यांत झळकली. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून सर्व्हरच्या प्रिंटरशी बोलण्याचा रस्ताही बदलला: आधी 'नेम्ड पाइप', आता टीसीपी. साम्बा जुन्याच रस्त्यावर वाट बघत उभा. ग्रुप पॉलिसीत प्रिंटरच्या आरपीसी जोडणीची सेटिंग आहे, तिथं नेम्ड पाइप निवडता येतो. 'होम' आवृत्तीत ते दालनच नाही. २४एच२ ची 'प्रो' तर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून कोणाच्या दारात जायलाच तयार नसते. साम्बावर रीतसर नाव आणि पासवर्ड तयार करा.

यूट्यूबवरचे दादा 'रजिस्ट्रीत ही किंमत शून्य करा' म्हणतील. प्रिंट येईल. ज्या भगदाडासाठी अपडेट आलं होतं तेही परत येईल, आणि त्याच संगणकावर शेठचं बँक खातं उघडतं.

लिनक्सवाल्यांनी मिशीला पीळ देऊ नये. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या कुटुंबातही अशीच भगदाडं निघाली, तीही पोर्ट ६३१ वर. सर्व्हर अपडेट करा आणि ते पोर्ट राउटरबाहेर उघडं ठेवू नका.

पायरी ६: अक्षरं आली, मराठी आली नाही

हा आजार फक्त आपल्याला होतो. कागद येतो, आकडे बरोबर, पण शेतकऱ्याच्या नावाजागी चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी. मुनीमजी ड्रायव्हरला शिव्या देतात. थांबा.

आधी तीच पट्टी पीडीएफ करा. पीडीएफमध्ये नाव नीट असेल आणि कागदावर बिघडलं असेल, तर दोष छपाईच्या वाटेवर आहे; ड्रायव्हरनं फॉन्ट बदलला असावा. सेटिंगमध्ये जाऊन मजकूर चित्र म्हणून पाठवायला सांगा. पीडीएफमध्येच खिचडी असेल, तर चारही टेबलं निर्दोष. पट्टीचा नमुना श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये बांधलेला आहे आणि या संगणकावर तो फॉन्टच नाही. या जुन्या फॉन्टांत 'क' हा खरा 'क' नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र उतरतं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. कायमचा उपाय एकच: नमुना युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं. हे काम कोणालाच नको असतं, म्हणून ते तुमच्याकडे येईल.

डॉट मॅट्रिक्सवर मराठी हळू येते याचं कारणही चित्रच. इंग्रजी अक्षरं त्याला पाठ असतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर चित्र म्हणून ठोकावं लागतं.

पायरी ७: ड्रायव्हरलाच निरोप द्या

रिचर्ड स्टॉलमन १९८० च्या सुमारास एमआयटीत झेरॉक्सच्या एका प्रिंटरशी झुंजत होते. कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढीच सुधारणा त्यांना करायची होती. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मागितला तर मिळाला नाही. ती चीड १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या घोषणेपर्यंत गेली आणि पुढं लिनक्सचा सगळा संसार त्यावर उभा राहिला. एका अडलेल्या कागदापायी झालेल्या चळवळीचा वंशज आज तुमच्या कोपऱ्यात कागद अडवून बसला आहे, हे त्याला ऐकवू नका.

चांगली बातमी ही की विंडोज आणि लिनक्स हे दोन्ही गट अखेर एका मतावर आले आहेत. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं जाहीर केलं. कप्सवाल्यांनाही जुने ड्रायव्हर घालवायचेच आहेत. दोघांचं उत्तर एकच: आयपीपी, म्हणजे नेटवर्कवरून छापण्याची सामाईक रीत. विंडोजवर नवीन प्रिंटर जोडताना 'नावानं किंवा पत्त्यानं शोधा' निवडा, सर्व्हरचा पत्ता, ६३१, 'प्रिंटर्स' आणि रांगेचं नाव लिहा. साम्बाचं टेबलच उठलं. विंडोज साध्या सामाईक भाषेत काम देतं, आणि त्या म्हाताऱ्या प्रिंटरची बोली बोलण्याची जबाबदारी एकट्या कप्सवर राहते. ड्रायव्हर उरला तर एका जागी, एकदाच.

नेहमीचे प्रश्न

*हे सगळं कुठं लिहून ठेवू?* हातानं, वहीत, सर्व्हरच्या डोक्यावर. तारीख, कुठल्या टेबलावर अडलं, काय केलं. सर्व्हरवर पीडीएफ करून ठेवलंत तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते छापता येणार नाही.

*शेतकऱ्याचं काय?* पट्टी हातानं लिहून द्या, एसटी मिळू द्या. तुमचा तपास उद्याही चालेल.

*नवा प्रिंटर घेऊ का?* घ्या, पण दुकानदाराला 'विंडोजला चालतो का, लिनक्सला चालतो का' असं विचारू नका. तो म्हणेल, सगळ्याला चालतो. विचारा, नेटवर्कची तार लागते का आणि ड्रायव्हर न टाकता छापतो का. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलं असेल तर आशा आहे. दुकानदार गप्प बसला तर पुढच्या दुकानात जा. तिथंही शांतताच असेल तर जुनाच ठेवा. त्याची दुखणी निदान आता वहीत आहेत.