अंतर भागिले वेग

जिवतीत विमानांबद्दल अधिकारवाणीने बोलणारा एकच माणूस आहे आणि तो मी. पात्रता म्हणाल तर निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं, आणि डोक्यावरून विमान गेलं की ते दिसेनासं होईपर्यंत मान वर ठेवतो. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचा पुतण्या शनिवारी रात्री नऊला निघतोय म्हटल्यावर तो कधी पोचेल, हे सगळ्यांनी मलाच विचारलं.

दिल्लीपर्यंत हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर, वेग ताशी ९००. पावणेचौदा तास. वाऱ्यापावसाचे दोन-सव्वादोन धरून सोळा. म्हणजे रविवारी दुपारी एकला दिल्ली, संध्याकाळी नागपूर.

“त्यालाच एकदा विचारा ना,” वहिनी म्हणाल्या.

“गणितात विचारायचं नसतं, मांडायचं असतं.”

रविवारी सकाळी जीप सांगितली. भाडं किलोमीटरवर ठरलं. नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणून चार तास, असं मी जाहीर केलं. ड्रायव्हर म्हणाला, “सर, किलोमीटर नका सांगू जी. घाट आहे, पुढं सिमेंटचे ट्रक आहेत. तास सांगा.” अशिक्षित शंकांना मी उत्तर देत नाही.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर संध्याकाळचं दिल्लीचं विमान आलं. सगळे बाहेर आले, पुतण्या आला नाही. हार माझ्या हातात सुकत गेला. शेवटी वहिनींचा फोन आला: आम्ही गडचांदूरचा घाट उतरत होतो तेव्हा तो तिकडे विमानात चढत होता. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. त्यांचे शनिवारी रात्रीचे नऊ, ते आपले रविवारी सकाळचे साडेनऊ. तो दिल्लीत सोमवारी पहाटे दीडला उतरणार. माझा भागाकार अचूक होता. पृथ्वीच मध्ये फिरली.

रात्र जीपमध्ये काढली. प्रतिष्ठा सावरायला मी स्टेपनी पृथ्वी मानून ड्रायव्हरला शिकवू लागलो. नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर लांबची असते. जवळची वाट उत्तरेकडून, बर्फाच्या बाजूने जाते. आणि वारा? २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी पाठीशी पश्चिमेचा वारा असल्यामुळे वेळ उलट कमी लागला.

“लांबची वाट लवकर पोचवते होय?” तो म्हणाला. “मग सकाळी मी दुसरं काय सांगत होतो जी?”

पुढच्या महिन्यात पुतण्या परत जायला निघाला. आता माझा हिशेब पक्का होता. जाताना विमानाला सोळा तास लागतात, पण घड्याळ साडेबारा तास मागे जातं. म्हणजे कागदावर साडेतीनच तास. चहाच्या टपरीवर मी ठणकावून सांगितलं, “दिल्लीहून अमेरिका साडेतीन तास. जिवतीहून नागपूरला याहून जास्त लागतात!” माणसं थक्क झाली.

ड्रायव्हरने शांतपणे चहा संपवला.

“पटलं जी सर. म्हणून या खेपेला भाडं किलोमीटरवर नाही, तासावर.”