रॅमभाऊ

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, मूल असो, सिंदेवाही असो की आरमोरी, एक रॅमभाऊ तिथे असतोच. त्याचं दुकान असेलच असं नाही. तो शाळेत शिपाई असेल, पतसंस्थेत क्लार्क असेल, नाहीतर एमएस-सीआयटी पास होऊन त्याच क्लासात शिकवायला लागलेला असेल. ओळखायची खूण एकच. लॅपटॉपचं झाकण उघडायच्या आत त्याचं निदान तयार असतं: “रॅम कमी पडून राहिली जी.”

हँग होतो? रॅम. प्रिंट निघत नाही? रॅम. चार्जरची पिन ढिली झाली असेल तरी म्हणणार, “पिन पाहू मागून, पयले रॅम टाकू.” बऱ्याचदा गुण येतो, हेही खरं. चार जीबीवर सातबाऱ्याची साईट, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि वर एखादं लग्नाचं रेकॉर्डिंग एकदम चालवणाऱ्याला रॅम वाढवून दिली तर तो दुवाच देणार. त्या दुव्यांवर रॅमभाऊची सारी प्रॅक्टिस चालते.

त्याच्या पिशवीत बारके पेचकस, रंगवायचा एक ब्रश आणि एक पांढरं खोडरबर असतं. खोडरबर हे मुख्य औषध. जुनी रॅम काढली की रॅमभाऊ मांडी घालून बसतो आणि खर्रा घोटावा तशा तन्मयतेनं तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घोटत राहतो. मग पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, अंगठ्यानं दाबायची, दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ वाजल्या की वर पाहून हसायचं. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरतो. “कंपनीवाले जास्तीचे लावतेत जी.”

एका ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला त्यानं चाराची आठ जीबी करून दिली. वेगात काडीचा फरक नाही. विंडोज ३२ बिटचं होतं आणि ते चार जीबीच्या पलीकडे पाहतच नाही, उरलेली रॅम नुसती बसून खाते. रॅमभाऊचं म्हणणं वेगळं पडलं. “सरकारी मशीन आहे, पळायची सवय नाही त्याले.”

त्याची खरी प्रतिभा दिसते ती रॅम टाकल्यावर लॅपटॉप पडायला लागला की. काल चालणारं यंत्र, आज उघडून त्यात काही टाकलं, उद्यापासून बंद पडू लागलं, तर संशय कोणावर घ्यायचा हे सांगायला पोलीस पाटील लागत नाही. पण रॅमभाऊचा संशय गावभर फिरतो, स्वतःच्या पिशवीकडे तेवढा जात नाही. मे महिन्यात पारा ४७वर असला की दोष उन्हाचा. चंद्रपुरात असला तर कोळशाच्या धुळीचा. व्होल्टेज तर बारमाही आरोपी. दुर्गापूरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र उशाशी असून व्होल्टेज कसं कमी, असं विचारलं की तो आवाज खाली आणून सांगतो, “चांगली चांगली वीज मुंबईले जाते. आपल्याले खालची मिळते.” यावर चंद्रपूरचा माणूस वाद घालत नाही, मनातून त्यालाही तसंच वाटत असतं.

वडशाच्या पेंटरची केस यातली सर्वांत गाजलेली. पूर्वी हा माणूस कापडी बॅनर रंगवायचा. आता लॅपटॉपवर पोस्टर करतो, तरी गाव त्याला पेंटरच म्हणतं. दिवाळी झाली, धान निघालं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. मंडई, शंकरपट, रात्रभर नाटक. कंपन्यांची कार्यालयं वडशात, त्यामुळे पोस्टरांची घाई पेंटरच्या दारात. मुंबईहून आलेल्या नटाचं डोकं सगळ्यांत मोठं, नायिकेचं त्याच्या खालोखाल, विनोदी नट कोपऱ्यात, निर्माता गोल चौकटीत. एवढी डोकी एका फाईलमध्ये कोंबली की सेकंडहँड लॅपटॉप धापा टाकायचा. रॅमभाऊ आला, चाराची आठ करून गेला.

त्याच रात्री नायिकेच्या केसांशी पोचलेला पेंटर पाहत राहिला आणि निळा पडदा पडला. त्यावर वाकडं तोंड आणि इंग्रजीत दोन शब्द: मेमरी मॅनेजमेंट. लॅपटॉपनं स्वतःच नाव घेऊन तक्रार केली होती. रॅमभाऊनं ते वाचलं आणि म्हणाला, “मेमरी फुल झाली. फोटो डिलीट करा.” फोटो उडाले, पडदा पडतच राहिला. मग “विंडोज मारू नवं.” विंडोज मारलं. त्यात उरलेली सारी डोकी गेली आणि पेंटर दिवसभर फोन करकरून नटांना पुन्हा फोटो मागत बसला. पडदा पुन्हा पडला. हिवाळा होता, तेव्हा ऊन बाद. “बोर्ड सादळला जी. थोडा चुलीजवळ ठेवा.” चुलीजवळ! पेंटरच्या बायकोनं त्याला चुलीच्या आसपास फिरकू दिलं नाही म्हणून लॅपटॉप वाचला.

विंडोजमध्ये मेमरी तपासायची सोय आयतीच असते. एकेक पट्टी काढून पाहायला तर पेचकस पुरतो. पण तपासात आरोपी सापडायची भीती असते.

मूळ रोग पट्टीवरच छापलेला होता. जुन्या पट्टीवर ‘पीसी३एल’ होतं, म्हणजे १.३५ व्होल्टची, आणि हा लॅपटॉप तेवढ्यावरच चालणारा. नवीवर नुसतं ‘पीसी३’, म्हणजे १.५ व्होल्टची. दोघींना पिना २०४, खाच एकाच जागी, त्यामुळे बसते अगदी झोकात. डीडीआर४ आणली असती तर खाचेनंच दारात अडवलं असतं. ही मात्र घरात घुसते. मग लॅपटॉप कधी सुरूच होत नाही आणि कधी सुरू होऊन जड काम आलं की मान टाकतो. पेंटरचा डोळा अक्षरांवर बसलेला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “याच्यावर एल काहून नाही जी?”

“एल म्हणजे लॅपटॉप. आपण लॅपटॉपातच टाकून राहिलो ना? मंग लिहाची काय गरज?”

शेवटी एका रात्री पेंटर पेटला. सकाळी पोस्टर छापायला जायचं होतं. रोग गेला खड्ड्यात, पहिल्यासारखा धापा टाकत का होईना चालला तरी पुरे, म्हणून त्यानं नवी पट्टी उपटून टेबलावर ठेवली. लॅपटॉप पहाटेपर्यंत कुरकुरत चालला. पडदा पडला नाही. नायिकेला केस आले, निर्मात्याला चौकट मिळाली.

सकाळी रॅमभाऊ चहाला आला. पेंटरनं सगळी हकीकत सांगितली. रॅमभाऊनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि शांतपणे म्हणाला, “मी पयल्या दिवसापासून काय सांगून राहिलो? रॅमचाच प्रॉब्लेम आहे म्हणून.”

मग टेबलावरची पट्टी उचलून त्यानं खोडरबर काढलं, चार हात घोटले आणि ती शर्टाच्या खिशात टाकली. आरमोरीला एका गुरुजींचा लॅपटॉप स्लो चालून राहिला होता.